शेवटच्या रानातली आंबील

नांदूरघाटच्या पेठेत धोंडप्पांचं किराणा दुकान आहे. दुकानाला एक देवाचं नाव आहे, पण ते पाटीवर. बोलण्यात नुसतं 'आप्पाचं दुकान'. धोंडप्पांच्या आधी तिथं त्यांचे वडील बसत, वडिलांच्या आधी आजोबा बसत. बसणं हाच या घराण्याचा धंदा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, उजव्या हाताशी वजनकाटा आणि समोर आलेल्या माणसाला 'काय पाहिजे' असंसुद्धा न विचारण्याची पिढीजात सवय. शेजारचा नवा दुकानदार पायरीवर उभा राहून गिऱ्हाइकाला 'या मामा, या मावशी' करी, तेव्हा धोंडप्पा चष्म्यावरून एकदा बघत आणि पुन्हा पेपरात डोकं घालत. "ज्याला साखर पाहिजे त्याला दुकान दिसतंय," एवढंच त्यांचं व्यापारशास्त्र. आणि साखर सगळ्यांनाच लागते, त्यामुळे ते शास्त्र खोटं ठरायचा प्रसंग कधी आला नाही.

अशा माणसाला वेळ अमावस्येला मोठा मान असतो.

मार्गशीर्ष संपत येतो, थंडी हाडांत मुरते, तेव्हा जिल्ह्याच्या या अंगाला वेळ अमावस्या येते. इथून लातूरकडं जितकं सरकावं तितका तिचा जोर वाढत जातो. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. रानारानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, कोपीत चुना लावलेले पाच दगड बसतात, त्यांना पांडव म्हणायचं. पूजा झाली की जेवण. चुका, मेथी, हरभऱ्याचा पाला, तुरीचे आणि वाटाण्याचे दाणे, गाजर, असं जे हाताला लागेल ते चिंचेत आणि हरभऱ्याच्या पिठात शिजवून केलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, खीर. आणि या सगळ्यांच्या वर आंबील. ज्वारीचं पीठ शिजवायचं, ताकात कालवायचं, लसूण-आलं-जिरं लावायचं आणि मडक्यात आंबत ठेवायचं. ऐन थंडीत ही गार आंबील माणसं वाट्यावर वाट्या रिचवतात आणि उन्हाला पाठ देऊन आडवी होतात. असं का, हे कोणी विचारत नाही. विचारायला शुद्ध लागते.

ज्याला रान आहे तो बांधावर उभा राहून हाका मारतो आणि ज्याला नाही तो हाक ऐकून जातो. ओळख असायची गरज नाही. वाटेनं चाललेल्या परगावच्या माणसालासुद्धा धरून बसवतात. धोंडप्पांना गुंठाभरही जमीन नव्हती, त्यामुळे त्या दिवशी सगळं शिवार त्यांचंच असे. पाव्हणा म्हणून ते तयार झालेले होते. कुठंच नाही म्हणायचं नाही, पहिल्या रानात हात राखून जेवायचं, आंबिलीची दुसरी वाटी घेतल्याशिवाय 'बास' म्हणायचं नाही, आणि एका रानातल्या भज्जीची गोष्ट दुसऱ्या रानात काढायची नाही. या नेमांवर त्यांनी सगळं तारुण्य आणि पुढचीही बरीच वर्षं काढली. लोक म्हणत, आप्पा आला की रान भरल्यासारखं वाटतंय. ते खरंही होतं, कारण आप्पा वजनदार होते.

जगदेवीबाईंचं तसं नव्हतं. त्यांचं माहेर लातूरकडं, घरचं रान, आणि त्यांचे वडील अमावस्येला बांधावर उभे राहिले की म्हणे दोन शिवारं पलीकडं हाक जायची. लग्न होऊन त्या दुकानात आल्या. आंबील त्या दरवर्षी करत आणि धोंडप्पांबरोबर कोणाच्या तरी रानात नेत. लोक वाटी तोंडाला लावून 'वैनी, लई झ्याक' म्हणत, आणि मडकं त्या घरच्या मडक्यांच्या रांगेत मागं जाऊन बसे. जगदेवीबाई ऐकून घेत. मग संध्याकाळी मडकं घासताना म्हणत, "माणसानं आपल्या रानात एकदा तरी आंबील वाढावी."

हे एक वाक्य वर्षानुवर्षं घासल्यावर गेल्या उन्हाळ्यात धोंडप्पांनी दोन एकर रान घेतलं. गावापासून लांब, शिवाराच्या अगदी टोकाला, जिथं काळी माती संपते आणि माळ सुरू होतो. रान स्वस्त का मिळालं, हे त्यांना व्यापारी असूनही अमावस्येपर्यंत कळलं नाही.

आदल्या संध्याकाळी आंबाजोगाईहून सूनबाई वर्षाराणीचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा रवि आणि ती अमावस्येला येणार नव्हते. रवि सासऱ्याच्या रानात जाणार होता. "त्यांचं रान जुनं हाय ना, बाबा," असं तो म्हणाला होता. वर्षाराणीनं त्यांचं मन रमवायला, जगात थंडीच्या सणाला काय काय पितात त्याचा एक व्हिडिओ कॉलवरच दाखवला. जगदेवीबाईंनी तो चुलीपाशी बसून, मडक्यात डाव फिरवत बघितला.

"हे काय हाय गं?"

"ते दूध हाय, आई. त्यात अंडं फेटतात. आन वरून दारू."

जगदेवीबाईंनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "सणाला?"

"सणालाच. मोठा सण असतो त्यांचा. आन ते लाल हाय ना, ती द्राक्षाची दारू, लवंग-दालचिनी घालून गरम करत्यात."

"समदी गरमच पितेत की," धोंडप्पा मागून म्हणाले. "थंडीत थंड पिनारी आपुनच."

"मग गरम कावून पितेत ते? अंगात ऊब न्हाई त्यांच्या," जगदेवीबाईंनी निकाल दिला आणि आंबिलीची चव बघायला बोट बुडवलं, पण तोंडापर्यंत न नेता ते पदराला पुसलं. त्यांच्या माहेरचा नेम होता. आंबिलीची पहिली वाटी बाहेरच्या माणसाची. घरच्यानं आधी घेतली तर रान वर्षभर उपाशी राहतं. आणि तोवर घरच्या बाईनं काहीच खायचं नाही. आजवर दुसऱ्याच्या रानात जाताना हा नेम कधी आडवा आला नव्हता. तिथं सगळे बाहेरचेच.

सकाळी मडकं, भज्जीचं पातेलं, उंड्यांची टोपली असं सगळं भाड्याच्या छोट्या टेम्पोत घालून दोघं निघाली. टेम्पो गाडीवाटेनं जाईल तिथपर्यंत गेला, पुढं डोक्यावर. वाट एकेकाच्या रानातून जात होती. पहिलं रान सुग्रीवचं, मग पाटलांचं, मग आणखी कोणाकोणाचं, आणि शेवटी अंगदचं. प्रत्येक रानात कोप उभी होती, प्रत्येक बांधावरून माणसं 'आप्पा, मागारी येताना टेकायचं बरं का' असं बजावत होती. धोंडप्पा मान हलवत चालले होते. आज आपण यांच्या बरोबरीचे, या विचारात त्यांना हे दिसलं नाही, की गावातून निघालेला कोणीही माणूस त्यांच्या रानाकडं याच वाटेनं येणार आणि ही एवढी रानं त्याला एकेक करून अडवणार. त्यांच्यापर्यंत पोचायला एखाद्याला सात पोटं लागली असती.

पूजा नीट झाली. अंगदच्या गड्यानं आदल्या दिवशी कोप बांधून दिली होती, तिच्यावर जगदेवीबाईंनी माहेरची शाल पांघरली. रानात चौफेर आंबील शिंपडून झाली. मग धोंडप्पा कोपीच्या तोंडाशी सतरंजी टाकून, मांडी घालून बसले. उजव्या हाताशी उंड्यांची टोपली, समोर वाट. बसण्याची ढब तीच. फक्त पेपर तेवढा नव्हता.

ऊन वर आलं. शिवारातून हाका सुरू झाल्या. 'ओऽऽ मामा, इकडं या, इकडं.' 'आरं सोड त्याला बे, तो आमच्यात येनार हाय.' 'नानाऽऽ, जेवून जावा.' सुग्रीवच्या रानात हसण्याचा गदारोळ उठला. पाटलांच्या बांधावर कोणीतरी रस्त्यावरचा मोटारसायकलवाला धरून आणला. धोंडप्पांच्या रानात एक टिटवी आली आणि गेली.

"हाका मारा की," जगदेवीबाई म्हणाल्या.

"ज्याला यायचं त्याला रान दिसतंय."

"ही काय साखर हाय का?"

धोंडप्पांनी मांडी बदलली. आयुष्यात त्यांनी कोणाला 'या' म्हटलेलं नव्हतं. म्हणायची वेळच आलेली नव्हती. आता या वयात बांधावर चढून गळा काढायचा, आणि त्यातूनही कोणी आलं नाही तर? न मारलेल्या हाकेला निदान एक इभ्रत असते.

"आंबील नासंल उन्हात," जगदेवीबाई म्हणाल्या. त्यांनी मडक्यावर ओलं फडकं टाकलं. त्यांच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं.

तेवढ्यात अंगदच्या बांधावर माणूस दिसला. धोंडप्पा सतरंजीवर सरळ झाले. अंगदच होता. तो ज्वारीच्या कडेकडेनं झपाझप आला. "आप्पा, चला. ताटं वाढलीत."

"आरं, आधी तू ये. बस."

"आत्ता? पावणे आलेत लातूरहून, मेव्हणा हाय. त्यांला सोडून कसं बसू? चला तुमी. वैनी, तुमी बी चला."

"मी न्हाई येत, भाऊ. माझा नेम हाय," जगदेवीबाई म्हणाल्या.

"मग आप्पांला तरी नेतो," अंगद म्हणाला आणि त्यानं धोंडप्पांचा हात धरला.

इथं धोंडप्पांनी हात सोडवून घ्यायला हवा होता. पण अमावस्येला कोणी हात धरला की उठायचं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं होतं, की गुडघ्यांनी डोक्याला न विचारताच निर्णय घेतला. ते उठले. चार पावलांवर त्यांना आपण काय करतो आहोत ते कळलं, पण चाललेल्या पाव्हण्यानं परत फिरणं हेही नेमात बसत नव्हतं. अंगदच्या कोपीत ते दोन उंडे जेवले, भज्जी घेतली, आंबिलीची दुसरी वाटीही घेतली. अंगदच्या मेव्हण्यानं विचारलं, "तुमचं रान कोनतं, आप्पा?" धोंडप्पांनी पूर्वेकडं हात केला. मेव्हण्यानं तिकडं बघितलं. लांब ज्वारीच्या कणसांवरून शाल पांघरलेली एक कोप दिसत होती आणि तिच्यापाशी एकटी बसलेली बाई. मेव्हण्यानं धोंडप्पांच्या ताटात आणखी भज्जी वाढली. तो सभ्य माणूस होता.

धोंडप्पा परत आले तेव्हा जगदेवीबाई होत्या तिथंच होत्या.

"जेवलाव?"

"दोन घास."

"कशी होती भज्जी?"

एका रानातल्या भज्जीची गोष्ट दुसऱ्या रानात काढायची नाही, हा नेम धोंडप्पांनी कधी मोडला नव्हता. "चिंच लई होती," ते म्हणाले.

"मिशीला लागलीय," जगदेवीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं धोंडप्पांना वाटलं. त्यांनी मिशी पुसली आणि कुठं बघावं ते न कळून माळाकडं बघितलं.

माळावर मेंढरं होती. पिवळ्या गवतात पसरलेली, खाली माना घातलेली. मेंढपाळ गहिनीनाथ काठीवर हनुवटी टेकून उभा होता आणि त्याची आई चतुराबाई दगडावर बसून लोकर विंचरत होती. मेंढपाळाला रान नाही आणि सणाची सुट्टीही नाही. गावाकडून बघितलं तर धोंडप्पांचं रान शेवटचं होतं. माळावरून बघितलं तर ते पहिलं होतं. हे धोंडप्पांच्या ध्यानात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरंही एक आलं.

दिवाळीनंतर, पेरणी झाली तेव्हा, याच गहिनीनाथाची मेंढरं या बांधाला चरत होती. बांधालाच, आत नव्हती. आत चरण्यासारखं तेव्हा काही उगवलंही नव्हतं. पण रान नवं होतं आणि मालकही नवा. धोंडप्पा छत्री घेऊन पुढं झाले आणि म्हणाले, "गहिनीनाथ, या रानाच्या बांधाला यायचं न्हाई." तो 'बरं आप्पा' म्हणाला आणि मेंढरं वळवून निघून गेला. दुकानात तो त्यानंतरही येत होता. मीठ नेई, चहापत्ती नेई. त्या गोष्टीचा उल्लेख त्यानं केला नाही. धोंडप्पांना वाटलं होतं, तो विसरला असेल.

"जाऊन येतो," धोंडप्पा म्हणाले.

बांध ओलांडून, काटे चुकवत ते माळ चढले. पोटात अंगदची आंबील हिंदकळत होती. गहिनीनाथ त्यांना येताना बघत होता, पण काठीवरची हनुवटी त्यानं काढली नाही.

"गहिनीनाथ, चल," धोंडप्पा हळू आवाजात म्हणाले. "दोन घास खाऊन जा. आईला बी घे."

"कुठं आप्पा?"

"आमच्या रानात."

"त्या रानाच्या बांधाला यायचं न्हाई म्हनलाव की तुमी. आमी ध्यानात ठिवलंय." यात टोमणा होता की नुसती माहिती, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"ते मेंढरांचं म्हनलो मी."

"मेंढरांबिगर आमी कवा फिरलाव?"

चतुराबाईंनी लोकर खाली ठेवली. त्या धोंडप्पांपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या असतील आणि दुकानात आल्या तरी पायरीवर बसूनच बोलत. "आप्पा," त्या म्हणाल्या, "जेवायला असं कानात येऊन सांगतेत व्हय? चोरीचं हाय का?"

"न्हाई, तसं न्हाई..."

"सकाळपून ऐकायलेय मी. अमक्याला हाक, तमक्याला हाक. आमाला बी कान हायत. हाक मारून बोलवा, येतो. शिवाराला कळू द्या कुनाला बोलवलं ते." आणि त्यांनी लोकर पुन्हा हातात घेतली.

धोंडप्पा मागं वळले. मग उतरले. चढताना लागला त्यापेक्षा उतरायला त्यांना जास्त वेळ लागला. जगदेवीबाईंनी लांबूनच त्यांच्या मागं कोणी नाही हे बघितलं होतं.

"काय म्हनली?"

"हाक मारा म्हनती."

जगदेवीबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मडक्यावरचं फडकं काढून त्यांनी त्याची घडी घातली.

धोंडप्पा बांधावर चढले. त्यांनी घसा साफ केला. "गहिनीनाथ," ते म्हणाले. दुकानात चहापत्तीचा पुडा देताना म्हणावं इतक्या आवाजात. माळावर चतुराबाईंनी कानामागं हात धरला.

"पोटातून मारा," मागून जगदेवीबाई म्हणाल्या. "आमचे बाबा मारायचे तशी."

धोंडप्पांनी छाती भरली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. "गहिनीनाथऽऽ! चतुराबाईऽऽ! जेवायला याऽऽ!" आवाज मध्येच चिरकला आणि पुन्हा धरला. ज्वारीतली पाखरं उठली. "मेंढरं घेऊन याऽऽ!" हे शेवटचं ते का बोलले ते त्यांना सांगता आलं नसतं. तोंड उघडलेलंच होतं.

शिवारातल्या बाकीच्या हाका थांबल्या.

गहिनीनाथानं काठीवरची हनुवटी काढली. त्यानं तोंडानं बारीक आवाज केला आणि मेंढरं उताराला लागली. ती अजून अर्ध्यावर होती, तोच अंगदच्या बाजूनं माणसं पळत आली. अंगद पुढं, हातात काठी. मागं मेव्हणा, त्यामागं शेजारच्या रानातले दोघंतिघं.

"काय झालं आप्पा? साप निघाला का?"

"न्हाई."

"वैनींला काय झालं?"

"न्हाई."

"मग बोंब कावून मारलाव?"

"हाक मारली," धोंडप्पा म्हणाले. "जेवायला."

अंगदनं काठी खाली केली. पंचवीस वर्षं तो त्या दुकानात जात होता आणि हा आवाज त्यानं ऐकलेला नव्हता. त्यानं मेव्हण्याकडं बघितलं, मेव्हण्यानं कोपीकडं. सगळ्यांची पोटं गच्च भरलेली होती. पण रानात पाय पडल्यावर नाही म्हणायची सोय कोणालाच नसते, आणि हे त्यांना धोंडप्पांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. माणसं मुकाट्यानं सतरंजीवर टेकली.

"थांबा जरा," जगदेवीबाई त्यांना म्हणाल्या. "पहिली वाटी चतुराबाईंची. त्यांला आधी हाक गेली."

चतुराबाई आल्या, पांडवांपुढं वाकल्या, बसल्या. वाटी दोन्ही हातांत धरून त्यांनी ती एका दमात संपवली. सगळे बघत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. "मीठ कमी हाय."

इतक्या वर्षांत जगदेवीबाईंच्या आंबिलीला 'लई झ्याक'शिवाय कोणी काही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि दुसरी वाटी भरली. "घ्या आजून. मीठ टाकते."

मग वाढणं सुरू झालं. अंगद एक उंडा जेवला आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मेव्हण्यानं भज्जी दोनदा घेतली, तीत चिंच बेताची होती. गहिनीनाथ बांधाकडं तोंड करून बसला, एक डोळा मेंढरांवर ठेवून. डोळा एकच ठेवल्यामुळे असेल, पण चार-पाच मेंढरं हरभऱ्याच्या कोपऱ्यात शिरली. धोंडप्पांनी बघितलं. गहिनीनाथ उठायला लागला.

"बस बे," धोंडप्पा म्हणाले. "जेव आधी."

"हरभरा खायलीत, आप्पा."

"खाऊ दे. कोपऱ्यातलाच हाय." हे बोलताना त्यांना बराच त्रास झाला, पण तो आवाजात आला नाही. व्यापाऱ्याला तेवढं जमतं.

ऊन कलल्यावर माणसं उठली. अंगद जाताना म्हणाला, "फुडच्या साली मी आधी तुमच्यात येतो आप्पा, मग घरी जेवतो. असं भरल्या पोटी लई तकलीफ होती." चतुराबाईंनी चार उंडे पदरात बांधून घेतले आणि 'येताव बाई' म्हणून त्या मेंढरांमागं गेल्या.

कोपीपाशी दोघंच राहिली. जगदेवीबाई सतरंजीवर बसल्या, दिवसभरात पहिल्यांदा. मडक्याच्या तळाशी वाटी-दीड वाटी आंबील होती.

"आता मला वाढा," त्या म्हणाल्या.

धोंडप्पांनी डाव हातात घेतला. "किती?"

"किती म्हनून इचारतेत व्हय?"

त्यांनी मडकं तिरकं केलं आणि होती तेवढी सगळी वाढली. जगदेवीबाईंनी वाटी तोंडाला लावली, सावकाश, थांबत थांबत. धोंडप्पा बघत होते. माळावरून मेंढरांच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती.

"खरंच कमी होतं वो मीठ," जगदेवीबाई म्हणाल्या, आणि वाटीत बोट फिरवून त्यांनी ते चाटलं.